रस्त्याच्या बाजूची पानं

झाड तुम्ही मारलंत, साहेब, आणि बोंब माझ्या नावानं ठोकलीत.

त्या डेरेदार शिरीषाच्या सावलीत माझं वेल्डिंगचं दुकान आहे. पानगळीला अवकाश असताना त्याची पानं गळू लागली, तीही हिरवीच. तुम्ही पालिकेच्या गाडीतून न उतरता निदान केलंत: वेल्डिंगची धग. आठवड्यात दुकान हलव, नाहीतर सील. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

माझी वहिनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. दादानं तिला पाठवलं. ती मान वर करून झाडाभोवती फिरत राहिली. मी म्हटलं, वहिनी, खरा रोगी इकडे उभा आहे. ती हसली नाही. धग लागली असती तर दुकानाकडची पानं आधी करपली असती, म्हणाली. ती तर शाबूत आहेत. झडतायत रस्त्याकडची. तिकडची एक डहाळी तिनं नखानं खरवडली. आत तपकिरी. कीड नाही, बुरशी नाही.

त्याच बाजूला तुम्ही उन्हाळ्यात चर खणून गॅसचा नळ टाकलात. मला वाटलं, तेव्हा मुळं तुटली असतील. वहिनीला पटेना. मुळं तुटून झाड वाळेल, पण खालचं गवत कशाला जळेल? माझ्याकडून खुरपं घेऊन ती उकरायला बसली. हातभर खाली माती काळीनिळी निघाली.

मी तिच्या पाठीमागे एका गेटचं बिजागर जोडायला घेतलं होतं. बर्नर हातात, लायटर शोधत होतो.

"भावजी, ते खाली ठेवा."

आवाज इतका हळू होता की मी मुकाट्यानं ठेवला.

"हा वास कधीपासून येतोय?"

मला कसलाच वास येत नव्हता. दिवसभर सिलिंडरच्या संगतीत माझं नाक केव्हाच मेलंय. गिऱ्हाईकं कुरकुरायची, तर मी म्हणायचो, वेल्डरकडे काय गुलाबाचा वास येणार? शेजारच्या शिलाईवाल्या मावशींनाही हेच ऐकवलं होतं. आत्ता त्यांची इस्त्री तापत होती.

मी धावलो. मावशी इस्त्री बंद करायला वळल्या.

"बटणाला हात लावू नका, ठिणगी उडेल," वहिनी मागून म्हणाली. " आहे तसं टाका आणि चला."

वळणापलीकडे जाऊन वहिनीनं फोन लावला. मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. इस्त्री आत तापतच होती. गॅसवाले आले, नळ बंद केला, चर उघडला. झाडाखालीच नळाचा सांधा सुटलेला. गॅसनं मातीतली हवा हाकलली होती. मुळं गुदमरत होती आणि झाड पानं टाकून ओरडत होतं.

हे सगळं कळूनही आठवडा भरताच तुम्ही माझ्या शटरला सील ठोकलंत. कारण तेच, धग.

साहेब, मी पोटासाठी सांधे जोडतो. गेटचा सांधा सुटला तर गिऱ्हाईक माझं मानगूट धरतं. तुमचा सांधा मातीखाली बुजवण्याआधी कुणी तपासला होता का? हो की नाही, तेवढंच सांगा. मावशींसमोर उभं राहून सांगा.