करुणा शिक्षण निधी

माझी लेक करुणा अपघातात गेली, त्याला दोन वर्षं झाली. तिच्या विम्याचा पैसा घरात ठेवणं जड वाटायला लागलं, म्हणून माझ्या नवऱ्यानं, बुद्धभूषणनं, तिच्या नावानं निधी काढला. नेपाळात लुंबिनीला सहलीला गेलेली करुणा तिथल्या अनाथ मुलांच्या वसतिगृहात महिनाभर राहून शिकवून आली होती. पुन्हा येते, असं पोरांना सांगून आली होती. त्याच पोरांची शाळा आता निधीतून चालते.

वसतिगृहाला कळवताना नवरा तिच्या नावाआधी 'कालकथित' लिहायला निघाला. आमच्या बौद्ध समाजात गेलेल्या माणसाच्या नावाआधी तसं लिहितात. मी लिहू दिलं नाही. त्यामुळं ती गेल्याचं तिकडं कुणाला कळलंच नाही, आणि आम्हीही नंतर कधी सांगितलं नाही.

परवा तिच्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला पुंडलिकनगरचं आमचं घर माणसांनी भरलं. वंदना झाली, भंतेजींचं भोजन झालं. दौलताबादहून आलेली नणंद गोजरबाई माझा हात धरून म्हणाली, "लई मोठं काळीज हाय तुझं, रूपा." काळीज कसलं! आत काही हलतच नव्हतं. मी न रडता वाढत होते, तर लोक म्हणाले, सावरली बाई. लोकांना काय, समोरच्यानं ताट भरलं की पुरे.

जेवणं उरकल्यावर नवऱ्यानं लुंबिनीला व्हिडिओ कॉल लावला. पोरांनी करुणानं शिकवल्याप्रमाणं हात जोडून 'जय भीम' म्हटलं. मग मनमाया नावाची दहाएक वर्षांची पोरगी पुढं आली आणि हिंदीत विचारायला लागली, करुणादीदी कुठंय, तिला बोलवा.

नवऱ्यानं फोन माझ्या हातात दिला.

"दीदी काम पे गई है," मी म्हटलं. गुलमंडीच्या बाजारात कापड आणायला गेली असावी, इतक्या सहज.

मनमाया म्हणाली, "मेरी माँ का भी सब ऐसा ही बोलते थे, आंटी."

मला त्या पोरीचा राग आला. मग माझाच आला. एवढ्या माणसांत, भंतेजींसमोर, मी म्हटलं, "बेटा, करुणा मर गई." हे मी आजवर कुणाला तोंडानं सांगितलं नव्हतं.

तिनं मान हलवली. मी रडले का, असं विचारलं. मी खरं तेच सांगितलं, नाही.

"बाद में आता है," मनमाया म्हणाली.