सॉक्रेटिसचं ओळखपत्र

प्रसोजोच्या एकपात्री नाटकात सॉक्रेटिस इंडोनेशियातल्या सुराबाया शहरात अवतरतो आणि ओळखपत्रासाठी वॉर्ड ऑफिसात रांगेला लागतो. मी त्या नाटकाचे दिवे सांभाळायचो. पहिला प्रयोग आमच्याच वस्तीच्या सभागृहात होता. पुढच्या रांगेत त्याची बायको मुर्तिनी बसली होती, मांडीवर तळलेल्या टेम्पेची, सोयाबीनच्या वड्यांची, पुडी. ती वॉर्ड ऑफिसातच खिडकीवर कामाला. नाटकात काय आहे, ते त्याने तिला सांगितलंच नव्हतं.

पांढरी चादर गुंडाळून तो उभा राहिला.

"धंदा?" त्याने कारकुनाच्या आवाजात विचारलं.

"प्रश्न विचारणं."

"तसला रकाना नाही."

हशा झाला. मग त्याने मान वर न करता, चहा भुरकत, नाकातून म्हटलं, "उद्याऽ या." हुबेहूब मुर्तिनी! अख्खी वस्ती तिच्याकडे वळून हसायला लागली.

ती उठली. मला वाटलं, चालली घरी.

"सॉक्रेटिसबुवा, एक विचारू?"

प्रसोजो गडबडला. चादर सावरत म्हणाला, "विचार, बाई."

"दिवसाला दीडशे माणसं येतात. खिडक्या किती?"

"एक."

"फोटोचं मशीन बंद पडलं तर चालू कोण करतं?"

"ठाऊक नाही."

"मोठ्या ऑफिसातला माणूस. तो फोन उचलत नाही. मग मी लोकांना काय सांगू? तुम्ही शहाणे, तुम्हीच सांगा."

लोकांना वाटलं, हे नाटकातलंच. टाळ्या पडल्या.

प्रयोगानंतर प्रसोजोच्या घरी सामान उतरवताना मी होतो.

"मी चहा भुरकते?" तिने विचारलं.

"लोक हसतात गं."

"सकाळी आठचा चहा मी दुपारी दोनला पिते. गार चहा कुणी भुरकतं का हो?"

दुसऱ्या दिवशी तो तिच्या ऑफिसातल्या बाकावर दुपारपर्यंत बसून आला. म्हणाला, "ती नक्कल काढून टाकतो."

"काढू नका. 'उद्या या' मी म्हणतेच. पण माझे प्रश्नही ठेवा."

पुढे मालांग शहरातल्या प्रयोगात त्याने दोघांचं बोलणं एकट्यानेच केलं. नकलेला लोक हसले. प्रश्नांवर मागून एक म्हातारा ओरडला, "आमच्याकडेही एकच खिडकी!" कुणी त्याला खाली बसवू लागलं, तर तिसरा त्यांच्याकडच्या बंद मशीनच्या नावाने बोटं मोडू लागला. प्रसोजो चादर धरून ऐकत राहिला. प्रयोग वीस मिनिटं लांबला, आणि दिवे कधी घालवायचे ते मला कळेना.