विरोधाच्या पानावर माझं नाव

आमच्या गावात मतपत्रिकेबरोबर घरोघर एक पुस्तिका येते. उद्यानकर पुढची सहा वर्षं चालू ठेवायचा की नाही, यावर एका पानावर बाजूने लिहिलेलं असतं, समोरच्या पानावर विरोधात. विरोधाचं पान आजवर कोरंच राहिलं. बागेला कोण कशाला नाही म्हणेल? यंदा ते मी भरलं. बारा वर्षांपूर्वी बाजूचं पानही मीच लिहिलं होतं, हेही सांगून टाकते.

तेव्हा हायवेपलीकडच्या आमच्या ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, वस्तीत मी दारोदार फिरले होते. "हो म्हणा, आपल्याही पोरांना झोपाळे मिळतील." उद्यान मंडळाने मला सांगितलं, मी लोकांना सांगितलं. कर सगळ्यांनी भरला. नदीकाठी कारंजं झालं, कुत्र्यांनासुद्धा वेगळं मैदान झालं! आमच्याकडे झोपाळ्याची एक फळीही आली नाही. शेजारच्या ओडेसा प्रुइटची नात रस्त्यावरच खेळून मोठी झाली. ओडेसाने माझ्याशी बोलणं टाकलं. चार पावलांवर राहतो आम्ही, आणि तिचं ते न बोलणं मला रोज लागतं.

मी विरोधात लिहिलंय हे कळल्यावर मंडळाचा अध्यक्ष क्लिफर्ड दारात हजर, हातात ब्लॅकबेरीचा केक. तीस वर्षं मी शाळेची बस चालवली. हा माझ्याच बसमधून गेलेला.

"व्हर्नाबाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. उद्या पाचपर्यंत मजकूर मागे घेता येतो. आणि हो, नदीकाठी ड्वेनकाकांच्या नावाचं बाक बसवायचं ठरवलंय आम्ही."

ड्वेन माझा नवरा. क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू? मग डोकंच फिरलं.

"अरे, मेलेल्या माणसाला बाक आणि जित्या पोरांना रस्ता? चल, ऊठ. त्या बागेत चालत जाऊ."

"चालत? माझी गाडी आहे ना."

"आमची पोरं गाडी चालवत नाहीत. चल!"

हायवेपर्यंत गेलो. ना पदपथ, ना सिग्नल. लाकडाचे ट्रक धडधडत चाललेले. क्लिफर्डने एक पाऊल पुढे टाकलं, हॉर्न कोकलला, तसा टुणकन मागे आला. चेहरा पांढराफटक.

"मी विषय मांडतो मंडळात," तो म्हणाला. "पण आधी कर मंजूर होऊ द्या. नाहीतर नदीकाठची बागही ओस पडेल हो."

"पडू दे! आमची पोरं बारा वर्षं राहिली बागेवाचून, तुमची राहू देत वर्षभर. आधी आमचे झोपाळे लेखी आण, मग पुढच्या वर्षी पुन्हा मत मागायला ये. आणि हा केक घेऊन जा."

पुस्तिका आली. दोनशे शब्दांची मुभा होती, मला चार ओळी पुरल्या. 'बारा वर्षांपूर्वी मी तुमच्या दारात येऊन हो म्हणा म्हणाले. मी चुकले. माफ करा. यंदा नाही म्हणा.' खाली माझं नाव.

त्याच दुपारी ओडेसा पुस्तिका घेऊन दारात उभी.

"चुकले म्हणायला बारा वर्षं लागली होय गं?"

"लागली."

"आता घरोघर जाणार असशील."

"निघालेच होते."

तिने माझा कोट खुंटीवरून काढून माझ्या अंगावर टाकला. "चल. पण बोलणार मी. तुझ्यावर कोण विश्वास ठेवतंय?"