सदतीस अंशांवरची टाकी

चंद्रभान वाकचौरे ओव्हरसियरच्या परीक्षेत यंत्रशास्त्राच्या पेपरात पहिला आला होता, आणि ही गोष्ट त्याने कामावर रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगून टाकली होती.

साल सहासष्ट. घिवलीजवळ वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं. एका लहान ठेकेदाराच्या मजूर-छावणीसाठी आलेली पाण्याची लोखंडी टाकी लॉरीवाल्याने रस्त्याच्या वळणावर उतरवली आणि तो निघून गेला. छावणीचं फाटक तिथून जेमतेम शंभर फूट, पण मधे भरतीच्या पाण्याने भिजलेला चिखल. टाकी जाड फळ्यांवर होती, ती सरकली असती. माणूस मात्र गुडघ्यापर्यंत रुतत होता. उभं राहून दोर ओढायला कोरड्या जागा दोनच: पूर्वेकडे जाणारा रस्ता आणि उत्तरेकडे जाणारा मिठागराचा बांध. फाटक या दोन्हींच्या मधे. फाटकाच्या अलीकडे, बांधाच्या बाजूला, घिवलीच्या रंभाबाई कोळणीचे बोंबील बांबूंवर वाळत होते.

चंद्रभानने टाकीवरच खडूने आकृती काढली.

"रस्त्यावर चाळीस माणसं, बांधावर तीस. दोन दोर काटकोनात. परिणामी बल पन्नास माणसांचं, आणि दिशा रस्त्यापासून सदतीस अंश. म्हणजे नेमकं फाटक!"

"आन् माजे बोंबील?" रंभाबाईने विचारलं.

"ते छप्पन्न अंशांवर आहेत, मावशी. तिकडे टाकी जाऊच शकत नाही."

रस्त्यावरच्या दोराला मुकादम आनंदाची टोळी लागली. ही माणसं नगरकडून कामाला आलेली. बांधावर दामूच्या हाताखाली घिवलीचे तीस कोळी उभे राहिले. चंद्रभानने शिट्टी फुंकली. टाकी हलली, सरकली, आणि चांगला वेग घेऊन थेट बोंबलांत शिरली.

रंभाबाई मोडक्या बांबूंतून एक बोंबील उचलून आली. "साहेब, ह्ये किती अंश?"

"छप्पन्न," चंद्रभान म्हणाला. त्याने तोवर मोजलंही होतं. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. चूक का झाली ते सापडलं होतं, आणि सापडलेलं कारण मनात ठेवणं त्याला कधीच जमलं नव्हतं. "कोन छप्पन्न आला, म्हणजे बांधावरून चाळिसाला साठ असं बल लागलं! माणसं तर तीसच. ही रोज होड्या ओढणारी माणसं. घिवलीचा एक गडी म्हणजे आनंदाच्या टोळीतले दोन!"

बांधावर हशा उसळला. रस्त्यावर कुणी हसलं नाही. आनंदाने दोर खाली टाकला.

"म्हंजी आमी अर्धे?"

"फक्त हिशेबापुरते, आनंदा."

आधी रंभाबाईने दोन्ही टोळ्यांकडून बांबू पुन्हा उभे करून घेतले. मग टाकीला मागून दोर लावून सगळ्यांनी ती मूळ जागी आणली. नव्या गणिताने दामूचे पंधराच गडी पुरेसे होते, पण बसायला कुणी तयार होईना. शेवटी ज्यांच्या बायका बघायला आल्या नव्हत्या ते बसले.

शिट्टी वाजली. आनंदाच्या चाळीस अर्ध्या माणसांनी दात-ओठ खाऊन असा हिसका दिला की टाकी फाटकाकडे न वळता रस्त्याच्या बाजूच्या एका खड्ड्याच्या काठावर जाऊन थांबली. चंद्रभानने कोनमापक लावला. वीस अंश. कागदावर आकडे मांडले. चाळीस माणसांनी ब्याऐंशींचं बल लावलं होतं.

तो रस्त्यावर मटकन बसला. सकाळी एक माणूस म्हणजे एक होता, दहा वाजता अर्धा, आणि आता दोनाहून जास्त.

"आता एक माणूस म्हणजे किती धरायचा?" त्याने कुणा एकाला उद्देशून नव्हे, असंच विचारलं.

"माणसं कशाला मोजतोस?" रंभाबाई म्हणाली. "टाकी बग ना. ती कुठं जाते त्ये बगून दोर सोडायचा, वढायचा."

तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, चिखलात दोन फळ्या टाकल्या आणि फाटकासमोर जाऊन उभी राहिली.

"दामू, तूच वढ! रस्त्यावाल्यांनू, दोर ढिला! हां, आता दोगं! दामू, बस कर, माज्या बोंबलांवर येतो हायस तू!"

टाकी दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात निघाली. चार फूट इकडे, तीन फूट तिकडे. चंद्रभान कडेकडेने पळत प्रत्येक वळणावर काठी रोवत होता. तासाभराने टाकी फाटकातून आत गेली. फक्त डावा खांब तेवढा वाकला.

चंद्रभानने मूळ जागेपासून फाटकापर्यंत सुतळी ताणली आणि कोन मोजला.

"सदतीस! बरोबर सदतीस!" तो ओरडला.

"फाटक सकाळपास्नं तितंच हाय, साहेब," दामू म्हणाला.

आनंदा आणि दामू मग टाकीला टेकून, शेवटचा जोर कुणाचा होता यावर भांडत, एकाच बिडीच्या बंडलातून बिड्या ओढत बसले. चंद्रभानने अहवाल लिहिला. पद्धतीच्या रकान्यात त्याने 'बलांचा समांतरभुज चौकोन, दर चार फुटांवर नव्याने' असं लिहिलं, आणि तांत्रिक देखरेखीच्या रकान्यात, बराच वेळ पेन हातात धरून, रंभाबाईंचं नाव.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या इंजिनियरसाहेबांनी ते वाचलं.

"या बाई कुठे शिकल्या?"

"घिवलीला, साहेब."

साहेबांनी मान डोलावली आणि सही केली.