साहेब सभागृहात आहेत

पार्लरवाली एकवेळ माणसाचा चेहरा विसरायची, केस कधीच नाही. म्हणूनच नगरसेवक साहेबांच्या फेसबुक पेजवरचा ताजा फोटो बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. खाली लिहिलं होतं, ‘आत्ता सभागृहात, आपल्या दवाखान्यासाठी लढताना!’ फोटोत साहेबांचे केस पांढरेशुभ्र. परवाच गल्लीत हात जोडत फिरले तेव्हा मात्र रंगवून काळेभोर!

“फोटो जुना आहे,” ती पार्लरमध्येच बसलेल्या नवऱ्याला म्हणाली.

गल्लीतला दवाखाना बंद करण्याचा ठराव आज महापालिकेच्या सभेत येणार होता. नवऱ्याचं डायलिसिस तिथंच व्हायचं. दवाखाना गेला तर शहराचं दुसरं टोक गाठावं लागणार, आणि त्याला तर जिना उतरतानाही धाप लागायची. इतके दिवस साहेबांच्या प्रत्येक पोस्टला अंगठा देऊन ती निर्धास्त होती. आता तिला स्वतःच्याच भोळेपणाचा संताप आला.

तिनं पेज बंद केलं, महापालिकेची वेबसाइट शोधली आणि थेट प्रक्षेपण लावलं. सदस्य जांभया देत होते. साहेबांची खुर्ची रिकामी होती.

तिनं त्यांच्या कार्यालयात फोन लावला.

“साहेब सभागृहात आहेत, ताई,” सचिव म्हणाला.

“मीही सभागृहच बघतेय, दादा. खुर्ची रिकामी आहे.”

पलीकडून फोन आपटला गेला. तिनं पुन्हा लावला. नणंदेला लावायला सांगितला. प्रक्षेपणाची लिंक आणि कार्यालयाचा नंबर गल्लीच्या ग्रुपवर टाकला: ‘आधी बघा, मग फोन करा.’ डोक्याला रंग थापून बसलेल्या गिऱ्हाईक बाईही फोन कानाला लावून सचिवाला फैलावर घेऊ लागल्या. रंग धुवायची वेळ कधीच टळून गेली होती, पण दोघींनाही त्याचं भान नव्हतं.

मतदान पुकारलं गेलं आणि साहेब धापा टाकत आत शिरले. शर्ट चुरगळलेला, केस विस्कटलेले. त्यांनी विरोधात हात वर केला. ठराव थोडक्यात पडला.

पार्लरवालीला रडू फुटलं. नवऱ्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

“झालं ना मनासारखं? आता ठेव तो फोन.”

तिनं डोळे पुसले आणि ती वेबसाइटवर पुढच्या बैठकीची तारीख शोधायला लागली.

“तुमचं डायलिसिस एकदा केलं की संपतं का हो?”

“नाही.”

“मग हेही नाही.”