उन्हात राहिलेली बाटली

धाकट्या बहिणीला प्रयोगशाळेत चिकटवलं ते थोरलीनंच. औषधासाठी लागणारे प्रथिनांचे तुकडे राळेच्या बारीक मण्यांवर जोडत न्यायचे आणि शेवटी ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्लानं ते मण्यांपासून सोडवून घ्यायचे, हे दोघींचं काम. पहिल्याच दिवशी थोरलीनं बजावलं होतं, "दिसतं पाण्यासारखं, पण कातडीवर पडलं तर आतपर्यंत जाळत जातं. बाटली गार असतानाच उघडायची."

त्या दुपारी थोरलीला नव्या घराचे पडदे बघायला जायची घाई होती. आम्लाची बाटली तिनं शीतकपाटातून काढली, खिडकीपाशी ठेवली, फोन आला म्हणून वळली आणि विसरली. निघताना धाकटीला म्हणाली, तेवढं शेवटचं काम उरकून घे. बाटली तोवर दोन तास उन्हात तापली होती. धाकटीला वाटलं, ताईनं आत्ताच काढून ठेवलीय. झाकण फिरवताच आतली वाफ उसळली आणि आम्ल सैल संरक्षक चष्म्याच्या कडेतून डोळ्यात गेलं. नळाखाली वीस मिनिटं डोळा धुतला, पण डाव्या डोळ्याची नजर वाचली नाही.

चौकशीत प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी विचारलं, बाटली बाहेर कुणी काढली? आठवत नाही, एवढंच थोरली पुटपुटली. अहवालात धाकटीचा निष्काळजीपणा लिहिला गेला आणि तिची नोकरी गेली.

थोरली रोज संध्याकाळी आईकडे जायची, बहिणीच्या डोळ्यात थेंब घालायची. धाकटी मान वर करायची. आठ महिन्यांनी थोरलीचा बांध फुटला.

"बाटली मी ठेवली होती गं."

"माहीत आहे. त्या शीतकपाटाला आपण दोघीच हात लावायचो. मी काढली नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

धाकटीनं गालावर ओघळलेला थेंब पुसला. "तू बोलशील म्हणून थांबले होते, ताई. चौकशीच्या दिवशी दाराबाहेर पडेपर्यंत तुझ्याकडेच बघत होते."

दुसऱ्याच दिवशी थोरलीनं सरांना सगळं लिहून दिलं. अहवाल बदलला, तिची स्वतःची नोकरी गेली. धाकटीला परत बोलावलं, पण ती गेली नाही. दुसऱ्या शहरात एका शाळेच्या कार्यालयात लागली. थोरलीचा फोन ती उचलत नाही. दोघींची खुशाली एकमेकींना कळते ती आईकडून, आणि आईही हल्ली फार सांगत नाही.