वाफाऱ्याचं पाणी

धाकट्या नणंदेला जुळं झालं, त्या वर्षीची ही थंडी. सासूबाई बाळंतपणासाठी लेकीकडे निघाल्या आणि दारातून मागे वळून सुनेला म्हणाल्या, "ह्यांची छाती सांभाळ गं. मागच्या खेपेला थोडक्यात वाचलेत."

झालं! सुनेच्या जिवाला तेवढा घोर पुरला. सासरे पंचाहत्तरीचे. चाळीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरवर काढलेली, धुराने छाती पोखरलेली. सर्दी पुन्हा छातीत उतरली तर काही खरं नाही, असं डॉक्टर बजावून गेले होते.

सासूबाई गेल्या आणि चौथ्याच दिवशी सासरे शिंकले.

दुसरी शिंक यायच्या आत सुनेने खिडक्या लावून घेतल्या. दाराच्या फटीत जुनी चादर कोंबली. मधातून आल्याचा रस, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, छातीला तेल, दिवसातून तीनदा वाफारा. नवरा सकाळच्या पाळीला गेला की घरात दोघंच. सासऱ्यांचा डोळा लागला की ती पाठीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना ते बघायची. तीन दिवसांत सर्दीने तिलाही गाठलं. मग तिने आपल्याही कानांत कापूस घातला.

"बाबा, कापूस काढलात पुन्हा?"

"कान बुजवले की मेल्यासारखं वाटतं मला. बॉयलरची वाफ कुठून सुटते ते ऐकणाऱ्या ह्या कानांच्या जिवावर पोट भरलंय आपलं."

"वारं शिरेल ना."

"शिरायला जागा कुठे ठेवलीस? मुंगीलासुद्धा तुझी परवानगी काढावी लागेल."

ते हसले, हसण्याचा खोकला झाला आणि ती तेलाची वाटी घेऊन आली.

आजारपणाच्या सहाव्या दिवशी सकाळी तिने पातेलं काठोकाठ भरून गॅसवर चढवलं, त्यात चार लवंगा टाकल्या आणि आतल्या खोलीत सासऱ्यांच्या पाठीला तेल चोळत बसली. इकडे पाण्याला उकळी फुटली, पाणी उतू गेलं आणि शेगडी विझली. बटण मात्र चालूच. तिचं नाक चोंदलेलं. ती हात पुसत स्वयंपाकघरात आली, शेगडी बघितली आणि पुटपुटली, "हात मेल्या, आत्ताच विझायचं होतं!" तिने काड्यापेटी उचलली.

"काडी ओढू नको!" आतून सासरे ओरडले.

कापसातून तिला नुसती गुणगुण ऐकू आली. पाणी मागत असतील. "आणते हो," म्हणत तिने काडी काढली.

सहा दिवस खाटेवरून न उतरलेला म्हातारा अनवाणी धावत आला. त्यांनी तिचं मनगट धरलं, बटण फिरवलं आणि तिच्या कानातला कापूस ओढून काढला.

"किती वेळ फुसफुसतंय ते! गॅस सुटलाय, पोरी."

तिने श्वास ओढून पाहिला. काही म्हणजे काही वास येत नव्हता. तिच्या हातातली काडी खाली पडली.

सासऱ्यांनी खिडकी सताड उघडली. गार वारा थेट त्यांच्या उघड्या छातीवर आला.

"नको बाबा, तुमची छाती..."

"छातीचं मग बघू. आधी घर राहू दे."

तासभर दोघं जिन्याच्या पायऱ्यांवर बसली. दोन्ही रजया तिने त्यांच्यावर घातल्या आणि स्वतः कुडकुडत राहिली. ह्या वाऱ्यातून ते वाचले नाहीत तर सासूबाईंना काय तोंड दाखवायचं? संध्याकाळी डॉक्टरांनी छातीला नळी लावली.

"कफ वरच आहे, छातीत नाही," डॉक्टर म्हणाले. "खिडकी थोडी उघडी ठेवत जा, बाई. कोंडून का घातलंय ह्यांना?"

सासूबाई दीड महिन्याने परतल्या. त्यांची पिशवी हातात घ्यायच्या आधीच सुनेने सगळं सांगून टाकलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "चहा टाक. मी उभी राहते जवळ."

सासरे त्या थंडीत गेले नाहीत. दोन वर्षांनी, एप्रिलच्या सात तारखेला, भर दुपारी, मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेले.